फोकस आभाळात

पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची चढण सुरू झाली आणि समोरून येणारा पहिला ट्रक माझ्यावर दिवे मारून गेला. अप्पर, डिपर, अप्पर, म्हणजे लांबचा झोत, खाली वळवलेला झोत, पुन्हा लांबचा. दुसऱ्याने तेच केलं. तिसरी एसटी होती, तिच्या ड्रायव्हरने वर हॉर्नही वाजवला. मी डॅशबोर्डवर पाहिलं, अप्परची निळी खूण बंद होती. म्हणजे माझा डिपरच लागलेला होता, माझी काही चूक नव्हती. मार्गशीर्षातली रात्र, आठ वाजून गेलेले, काचा वर, दारं आतून बंद आणि गाडीत मी एकटी. घाटात एकटी बाई गाडी चालवताना दिसली की लोकांना दिवे मारायची खाज सुटते, असा अर्थ मी लावला. असा अर्थ लावायला आमच्याकडे वर्षानुवर्षांचा पुरावा साठलेला असतो, तो काही मी त्या रात्री शोधून काढला नव्हता. पाचव्या-सहाव्या गाडीनंतर मात्र माझं डोकं फिरलं. समोरून एक मोटार आली, तिने दिवे मारले, तशी मीही अप्पर लावला आणि ती शेजारून निघून जाईपर्यंत तसाच ठेवला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हे कबूल करते.

गाडीत मी एकटी होते, पण गाडी रिकामी नव्हती. अण्णा श्रावणात गेले. त्यानंतर आई माझ्याकडे पुण्याला आली आणि चिपळूणजवळचं आमचं घर विकायचं ठरलं. घर रिकामं करताना काय ठेवायचं नि काय द्यायचं, यावर बहीण-भावांत जे व्हायचं ते होऊन गेल्यावर माझ्या वाट्याला आलेलं सगळं त्या डिकीत होतं. तांब्याचा हंडा, पितळी घंगाळ, आईचा पाटा-वरवंटा (घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं तिने बजावलं होतं), अण्णांची लोखंडी ट्रंक आणि शेजारच्या काकूंनी नको नको म्हणताना चढवलेल्या तांदळाच्या दोन गोण्या. अंगणातून गाडी काढताना मागचा बंपर उंबऱ्याच्या दगडाला घासला होता. तो आवाज मी ऐकला, हळहळले आणि निघाले. गाडी मागे बसली असेल तर पुढे काय झालं असेल, हे काही मनात आलं नाही.

घाटमाथ्यावर चहाला थांबले. पत्र्याची टपरी, चुलीवरचा धूर, ओल्या लाकडांचा वास. बाकावर दोघे-तिघे ट्रकवाले बसलेले होते, म्हणून मी गाडीपाशीच उभी राहून चहा घेतला. थोड्या वेळाने टपरीवाल्या मावशी फडक्याला हात पुसत माझ्याकडे आल्या. "ते म्हणत्यात, तुमास्नी सांगा, फोकस लई वर हाय तुमचा." मी बघितलं. साठीच्या आसपासचा एक माणूस, डोक्याला मफलर, चहाचा ग्लास हातात धरून बाकावरूनच माझ्याकडे न बघता बोलला, "ताई, राग नका मानू. गाडी वळताना बघितली मी. फोकस आभाळात हाय. समोरच्याला काय दिसत न्हाय." आपण थेट जवळ जाऊन बोललो तर या बाईला काय वाटेल, याचा विचार करून त्याने मावशींना मध्ये घातलं होतं. मी पुढे कुणाकुणाला ही हकिकत सांगितली, तेव्हा दिव्यांचं सांगितलं आणि मावशींचं सांगायचं राहून गेलं.

त्याने मला गाडी टपरीच्या मागच्या भिंतीसमोर पंधरा-वीस पावलांवर उभी करायला लावली. डिपर लावला. भिंतीवर उजेड पडला आणि मी सहा वर्षं चालवत असलेल्या गाडीचा उजेड पहिल्यांदा पाहिला. आजवर मी रस्ता बघत आले होते. उजेड असा बघितलाच नव्हता. त्या उजेडाला काठ होता. खाली लख्ख पांढरं, वर काळोख, आणि मध्ये कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ. ती डावीकडे मात्र एकदम तिरकी होऊन वर चढत गेलेली. मला वाटलं, डावा दिवा बिघडला. "न्हाय वो, ते तसंच असतंय," मफलरवाले म्हणाले. "कडंचा माणूस दिसाया." मग त्यांनी डिकी उघडायला सांगितली, आत बघितलं आणि नुसतं "हां" म्हणाले.

पाटा पुढच्या सीटच्या पायाशी गेला. गोण्या मागच्या सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत. हंडा माझ्या शेजारच्या सीटवर. भिंतीवरची रेघ खाली आली, ती वीतभरसुद्धा नाही. एवढ्याशाने काय होणार, असा माझा चेहरा झाला असावा. "बास," ते म्हणाले आणि चहाचे पैसे देऊन घाटाखाली निघून गेले. मी गाडी सुरू केली तर पट्टा लावा म्हणून गाडी टुंग टुंग करायला लागली. हंड्याच्या वजनाने तिला शेजारी माणूस बसल्यासारखं वाटत होतं. शेवटी हंड्याला पट्टा बांधला.

तिथून कराडपर्यंत मला एकानेही दिवे मारले नाहीत.

पाटणच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, उसाचा एक अख्खा डोंगर अंधारातून अचानक गाडीपुढे यायचा. एरवी मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या असत्या, त्या रात्री हक्कच उरला नव्हता. डोक्यात एकच चालू होतं. मी चुकले, त्याचं इतकं नाही. माणसं मला काहीतरी सांगत होती आणि मी उलट त्यांच्याच डोळ्यांत अप्पर मारला. त्या शेवटच्या मोटारीत कोण होतं, वळणावर त्याला काय दिसलं असेल. तेही अण्णांच्या मुलीने.

अण्णा बांधकाम खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. त्या जीपचा डिपर पायाने मारायचा असे. क्लचच्या डावीकडे, जमिनीत बसवलेलं एक लोखंडी बटण. चपलेच्या टाचेने दाबलं की 'टक' असा आवाज होऊन उजेड खाली बसायचा, पुन्हा दाबलं की 'टक' होऊन वर. उन्हाळ्याच्या सुट्टीत कधीमधी मला त्यांच्याबरोबर जायला मिळे आणि घाटात झोपेला आले की मला रस्ता दिसत नसे, फक्त ती टकटक ऐकू यायची. समोरून गाडी येतेय, गेली, येतेय, गेली. अण्णा समोरची गाडी दिसायची वाट बघत नसत. वळणाच्या पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर उजेड हलायला लागला, की आधीच डिपर. "तो आपल्याला दिसेपर्यंत थांबायचं नाही, त्याचा उजेड दिसला की तो आलाच," हे त्यांचं नेहमीचं. पुढे मोतीबिंदू झाला, निवृत्ती झाली, माझी गाडी आली. ते शेजारी बसू लागले आणि समोरून दिवे आले की त्यांचा डावा पाय माझ्या गाडीच्या गालिच्यावर दाबला जायचा. तिथे अर्थातच काही नव्हतं. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मी नीट चालवत नाही असं सुचवतात, असं वाटायचं.

पुण्याला पोचल्यावर दोन दिवसांनी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न आलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. आणि त्यात ते सापडलं. स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या जरा वर, बोटाने फिरवायचं एक छोटं खाचांचं चाक आहे. त्यावर ०, १, २, ३ असे आकडे आहेत. मी सहा वर्षं ते डॅशबोर्डच्या आकड्यांचा उजेड कमी-जास्त करायचं समजत होते. एकदा फिरवून पाहिलं होतं, काही झालं नाही, म्हणून पुन्हा हात लावला नाही. खरं तर प्रत्येक हेडलाइटच्या मागे एक लहानशी मोटर असते आणि त्या चाकाने ती दिव्याचा आरसा खाली झुकवते. आकडा वाढला की उजेड खाली. पुस्तकात तक्ता होता. फक्त चालक असेल तर ०. सगळ्या सीट भरल्या तर १. सगळ्या सीट आणि सामान, २. आणि शेवटची ओळ होती, फक्त चालक आणि डिकीत पूर्ण सामान. त्यापुढे ३.

त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. माणसांनी भरलेल्या गाडीपेक्षा एकट्या माणसाची सामानाने भरलेली गाडी जास्त वाकडी होते, कारण पुढे तोल सांभाळायला कुणी नसतं. कुठल्याशा इंजिनिअरने कधीतरी बसून हा विचार केला होता, की असाही कुणीतरी निघेल, एकटाच, मागे सगळं घर भरून. त्याच्यासाठी त्याने एक खाच जास्तीची कापून ठेवली होती.

मग वहीत गणित केलं. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या पट्टीवर, दिव्याच्या चित्राशेजारी '१.०%' असं काहीतरी छापलेलं असतं. बॉनेट उघडून बघा, कदाचित तुमच्याकडेही असेल. म्हणजे उजेडाचा तो काठ दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे ५० मीटरवर काठ रस्त्यापासून जेमतेम १५ सेंटिमीटर उरतो आणि ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. आता गाडी मागून बसली, नाक एक अंशाने वर आलं. एक अंश म्हणजे १० मीटरवरच्या भिंतीवर १७ सेंटिमीटर, माझी ती न भरलेली वीत. पण ५० मीटरवर तेच ८७ सेंटिमीटर होतं, चांगले दोन हात. काठ कमरेच्या वर आला. आणि आणखी पुढे तो खाली उतरतच नाही, चढतच जातो. सत्तर-ऐंशी मीटरवर समोरच्या मोटारीतल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांत. हे झालं सपाट रस्त्यावर. घाटातल्या वळणांवर आणि चढांवर कुणाकुणाच्या डोळ्यांत गेला असेल, ते वहीत मावणारं नव्हतं.

कायद्यातही हा समोरचा माणूस आहे, हे मला ठाऊक नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा नियम सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला असावा, इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. नियमांची भाषा असते तशीच कोरडी भाषा. पण मला तो माणूस दिसला. रस्त्याच्या कडेला आठ मीटरवर उभा, नाव नाही, गाव नाही, नुसते दीड मीटरवरचे दोन डोळे. अण्णांची उंची पाच फूट तीन इंच होती. टेप काढून हिशेब करायची गरज पडली नाही, त्यांचे डोळे तिथेच यायचे.

ट्रंक उघडायला मात्र संक्रांत उजाडली. आत खाकी गणवेश, कुलपं नसलेल्या किल्ल्या, कसल्याकसल्या पावत्या आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जीपचा एक हेडलाइट. सात इंची, गोल, जड. आरसा, तार आणि काच असं सगळं एकत्र वितळवून बंद केलेलं, ज्याला सील्ड बीम म्हणतात. तार तुटली की अख्खा दिवा बदलायचा. हा तुटलेलाच होता. उगीच का ठेवला असेल, हा प्रश्न अण्णांच्या बाबतीत विचारायचा नसतो. काच बोटांना लागली आणि मी आठ वर्षांची झाले. टाकी लावलेल्या पाट्यासारखी ती काच. आतून उभ्या रेघा, मध्येच चौकोन, मध्येच तिरपे कंगोरे. लहानपणी दर रविवारी ती राखेने पुसायचं काम माझं असे. मला ते नक्षीकाम वाटायचं. पण त्या काळी आरसा साधाच असायचा, उजेड सरळ पुढे फेकणारा. तो डावी-उजवीकडे पसरायचा, थोडा खाली वळवायचा, हे सगळं त्या कंगोऱ्यांचं काम होतं. आजच्या दिव्यांची काच गुळगुळीत असते (काच कसली, प्लॅस्टिकच ते, चार उन्हाळ्यांत पिवळं पडतं), कारण आरशाचाच कोपरा न् कोपरा संगणकावर घडवलेला असतो. काचेला उजेडाशी काही देणंघेणं उरलं नाही.

आणि त्या काचेवर कडेच्या जवळ तीन टेंगळं. काचेचीच, तुरीच्या दाण्याएवढी, त्रिकोणात बसवलेली. पुसताना बोट दर वेळी त्यांच्यावर अडायचं. "अण्णा, हे कशाला?" मी विचारलं होतं. त्यांनी बोनेटवर पाना ठेवला, काचेकडे बघितलं आणि म्हणाले, "पावसाचं पाणी काचेवर थबकू नये म्हणून. येतं, आपटतं, फुटतं आणि वाटेला लागतं." कोकणातल्या माणसाला काचेचं दुसरं दुखणं काय सुचणार? मी तेच उत्तर शाळेत दोन जणींना सांगितलं होतं.

आता शोधलं तर खरं उत्तर मिळालं आणि ते पावसाच्या जवळपासही नव्हतं. अमेरिकेत १९४० पासून पुढे चाळीसेक वर्षं सगळ्या गाड्यांना असे सील्ड बीमच लागत. १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्या काचांवर ही तीन टेंगळं आली. दिवा कुठे रोखला आहे हे तपासायला गॅरेजमध्ये एक उपकरण असे. ते रबरी चूषकाने काचेवर चिकटवायचं आणि ते बरोबर या तीन टेंगळांवर टेकायचं. टेंगळं कारखान्यातच उजेडाच्या दिशेशी हिशेबाने जुळवलेली. मग उपकरणावरच्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवायचे. दिवा न लावता, भरदिवसा, भिंतीशिवाय दिवा बरोबर लागायचा. तीनच का, हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. चुलीला तीन दगड असतात. चार दगडांवर भांडं डुगडुगतं, तीन दगडांवर नाही. कशीही जमीन असो, तीन बिंदू टेकले की टेकले. ते त्या काचेवर असलं काय आणि आजीच्या मागीलदारी असलं काय.

हे समजलं तेव्हा आनंद झाला आणि लगेच जीव कसानुसा झाला. हे अण्णांना सांगायला पाहिजे होतं. त्यांनी नक्की काच हातात घेऊन टेंगळांवर अंगठा फिरवला असता. आणि दुसरीकडे असंही वाटलं, की बरं झालं, सांगायची वेळ आली नाही. पंचवीस-तीस वर्षं ते त्या काचेमागे बसून रात्री चालवत होते. त्यांना मी मोबाइलवर वाचून सांगणार होते, की ते पावसासाठी नव्हतं.

त्यांच्याकडे उजेडाची एक गोष्ट होती, ती मात्र पक्की होती. डिसेंबर १९७१. अण्णा विशीतले, लालबागच्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून कामाला. युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट आला. घरांच्या काचांना काळे कागद लागले आणि गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा हुकूम निघाला. टॅक्सीवाले गॅरेजसमोर रांग लावून उभे आणि अण्णा हातात ब्रश नि डबा घेऊन एकेक दिवा रंगवत चाललेले. "दिवसभर गाड्यांना काजळ घातलं," असं सांगायचे. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, पण काजळ काही उतरलं नाही. कितीतरी वर्षं ट्रकांचे, बसगाड्यांचे दिवे वरून काळे असत, नाहीतर मध्ये काळा टिळा. विमानांसाठी लावलेला रंग पुढे समोरच्या ड्रायव्हरसाठी राहिला.

योगायोग असा, की त्याच १९७१ मध्ये तिकडे युरोपात एच-फोर नावाचा बल्ब आला. पुढे तो आपल्याकडच्या लाखो गाड्यांत बसला, माझ्याही आधीच्या गाडीत होता. एका जुन्या बल्बचं मी निरीक्षण केलं. आत दोन तारा. त्यातल्या डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी, चमच्याच्या टोकाएवढी. डिपरच्या तारेचा उजेड आरशाच्या वरच्या भागावर पडला तर खाली वळतो, खालच्या भागावर पडला तर वर उडतो. म्हणून खालचा उजेड ही वाटी अडवते. अण्णांनी ब्रशने काचेवर जे ओबडधोबड केलं, तेच हिने आत, तारेपाशी, नेमकं केलेलं. आणि या वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती कापलेली असते. भिंतीवर डावीकडे वर चढणारी ती तिरकी रेघ तिथून येते. उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायचं नाही, पण डावीकडे कडेने चालणारा माणूस, मैलाचा दगड, सायकल हे दिसलं पाहिजे. मफलरवाल्या काकांनी चार शब्दांत सांगितलं होतं ते हे. जिथे उजवीकडून गाड्या चालवतात, तिथे ही कड उलट्या बाजूला असते. दिव्याच्या काचेवर बारीक बाण दिसला तर तो कुठल्या बाजूच्या रस्त्यासाठी दिवा आहे, ते सांगतो.

आणि या वाटीची जागा आता पाचशे रुपयांचे पांढरेफेक एलईडी घेत आहेत. जुन्या आरशात बसतात, उजेड दुप्पट वाटतो, आणि त्यांना ना वाटी धड जमते ना तारेची नेमकी जागा. सगळीकडे उजेडच उजेड. बसवणारा पोरगा म्हणतो, मॅडम, रात्रीचा दिवस होईल. होतो की, समोरच्याची रात्र करून. आता माझी भाषा अशी झाली आहे खरी, पण कुंभार्लीची ती रात्र आठवली की आवाज जरा खाली येतो.

त्या हिवाळ्यात मला दिवे बघायचं वेडच लागलं. सकाळी एआरएआय टेकडीवर फिरायला जाते. जिच्या नावाने टेकडी ओळखली जाते, ती संस्था गाड्या आणि त्यांचे भागच तपासते, आणि इतकी वर्षं मी तिच्या कुंपणावरून फक्त मोर आहेत का ते बघत होते. आता खाली उभ्या केलेल्या गाड्यांपुढे वाकून उभी राहते. एका गृहस्थांनी "काही पडलंय का?" असं विचारलंसुद्धा. रात्री द्रुतगती मार्गावर डोक्यावरच्या हिरव्या पाट्या वाचता येतात, ते का, हेही तेव्हाच कळलं. काठाच्या वर काळोख असतो खरा, पण पुरता नाही. तिथे थोडासा उजेड मुद्दाम सोडायचा असतो, डोळ्यांना खुपणार नाही आणि पाटी तर दिसेल इतका. पावसाळ्यात दिव्याच्या आत धुकं धरतं ते पाहून मी पूर्वी तक्रार घेऊन गेले होते आणि तिथल्या मुलाने मागचं बारीक भोक लांबीने बुजवून द्यायची तयारी दाखवली होती. ते भोक असायलाच हवं असतं. दिवा तापतो, आतली हवा फुगते, निवतो, हवा आत येते. भोक बुजवलं तर आत शिरलेलं पाणी आतच राहतं. नशीब, तेव्हा घाई होती म्हणून बुजवायचं राहिलं.

अण्णांचा दिवा मी धुवायला घेतला. मोरीत नळाखाली धरला. पाण्याची धार काचेवरून उतरताना टेंगळावर आपटली, फुटली आणि दोन बाजूंनी वाटेला लागली. आई दारात उभी होती. "तो कशाला आणलास? फुटका आहे तो," ती म्हणाली. मी म्हटलं, "फुटका नाही, तार तुटलीय." "तेच ते," म्हणून ती आत गेली. पाटा मात्र तिने आल्याबरोबर स्वतः ओट्यावर ठेवून घेतला होता.

मार्चमध्ये खरेदीखतासाठी आम्ही दोघी चिपळूणला गेलो. सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, आईने शेवटचं म्हणून घराकडे जायला नकार दिला आणि आम्ही संध्याकाळी परत निघालो. डिकीत काहीच नव्हतं. आई शेजारी. मी निघण्याआधी खाली बघून घेतलं, चाक ० वर होतं. पोफळीपाशी अंधारलं. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती, मला वाटलं झोपली. घाटात एका वळणापलीकडे झाडांच्या शेंड्यांवर उजेड हलू लागला. माझा अप्पर लागलेला होता. गाडी अजून दिसत नव्हती.

"दे की गं डिपर," आई डोळे न उघडता म्हणाली. "तुझ्या अण्णांनी केव्हाच दिला असता."